दार कोणाला उघडं, वर्गणी किती: अमेरिकेतल्या जुन्या युनियनविषयी वाचकांचे प्रश्न

मे महिन्याच्या अंकात मी अमेरिकेतल्या सुरुवातीच्या कामगार संघटनांबद्दल थोडक्यात लिहिलं होतं. मालक तेच, कारखाने तेच, पण प्रत्येक संघटनेनं लढायची तऱ्हा वेगळी धरली, एवढाच त्यातला मुद्दा. त्यावर बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतोय. बहुतेकांनी नाव छापू नका असं कळवलंय, म्हणून फक्त गाव देतो.

नव्या वाचकांसाठी सांगतो. मी गोव्यात जुवारी नदीकाठच्या बार्जदुरुस्तीच्या एका यार्डात वेल्डर होतो आणि बरीच वर्षं आमच्या युनियनचा खजिनदार. पावतीपुस्तक, बँकेचं पासबुक आणि वर्षाचा हिशेब ही माझी कामं. त्यामुळे कुठल्याही युनियनचा इतिहास हातात आला की मी आधी दोन गोष्टी शोधतो. सभासद कोणाला होता येत होतं? आणि वर्गणी किती होती, ती कशावर खर्च होत होती? संप, करार, बहिष्कार, निवडणूक यांतलं कोणतं हत्यार युनियन उचलणार, हे पुष्कळदा या दोन गोष्टींनीच ठरतं असं माझं ठाम मत आहे.

काका, मी इतिहास घेऊन बी.ए. करते. आमच्या नोट्समध्ये एका ओळीत लिहिलंय की ‘नाइट्स ऑफ लेबर’ स्वप्नाळू होते आणि ‘अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर’ व्यवहारी. एकाच देशात, एकाच काळात दोन रस्ते इतके वेगळे कसे झाले? (डिचोली)

बाळ, परीक्षेत ती ओळ लिही, पण तिथे थांबू नकोस. ती ओळ दोघांवरही अन्याय करते.

नाइट्स ऑफ लेबर १८६९ मध्ये फिलाडेल्फियात सुरू झाली. युरिया स्टीव्हन्स आणि त्याचे काही सोबती, सगळे कपडे बेतणारे कारागीर. संघटना गुप्त होती. युनियनमधला माणूस म्हणून नाव फुटलं की नोकरी जायची आणि दुसरा मालकही दारात उभं करायचा नाही, म्हणून कागदावर संघटनेचं नावसुद्धा लिहीत नसत, त्या जागी पाच तारे काढत. पुढे १८७९ मध्ये टेरेन्स पावडर्ली प्रमुख झाला. हा रेल्वेच्या वर्कशॉपमधला मशिनिस्ट, आणि त्याच सुमाराला स्क्रँटन शहराचा महापौरही. त्याच्या काळात गुप्तता सुटली आणि दार सताड उघडलं. कुशल, अकुशल, बायका, काळे कामगार, शेतकरी, छोटे दुकानदार, सगळ्यांना प्रवेश. बाहेर ठेवले ते वकील, बँकवाले, शेअर दलाल, जुगारी आणि दारूविक्रेते. स्वतः काही निर्माण करणारा तो आपला, अशी त्यांची धारणा.

आता विचार कर. एका शाखेत खाणकामगार, शिलाई करणारी बाई, चांभार आणि किराणा दुकानदार एकत्र बसले आहेत. ते संप करणार तो कोणाविरुद्ध? सगळ्यांचा मालक एक नाही, पगार एक नाही, काहींना तर मालकच नाही. अशा सभेला शोभतील तीच हत्यारं त्यांनी उचलली: सभासदांचं शिक्षण, कायद्याची मागणी, लवाद, बहिष्कार आणि सहकारी कारखाने. मजुरीची पद्धतच संपवून कामगारांनी स्वतः मालक व्हावं, हे त्यांचं दूरचं ध्येय. संप पावडर्लीला आवडत नसे आणि दीर्घ संप पेलेल इतका निधी त्यांच्याकडे कधी जमलाच नाही.

आणि गंमत म्हणून नव्हे, गांभीर्यानं सांगतो, नाइट्सना लोकांनी डोक्यावर घेतलं ते एका संपामुळेच. १८८५ मध्ये जेय गूल्ड या मालकाच्या वाबॅश रेल्वेवर कामगारांनी संप केला आणि त्या काळातला हा बडा रेल्वेमालक नाइट्सशी बोलायला बसला. ही बातमी पसरली आणि सुमारे एक लाखाची सभासदसंख्या वर्षभरात सात लाखांच्या घरात गेली. खजिनदार म्हणून मला ही आकडेवारी वाचताना धडकी भरते. इतकी माणसं आली, पण त्यांना सांभाळणारी शाखांची घडी नाही, निधी नाही, आणि नेतृत्वाचा संपावर विश्वास नाही. १८८६ मध्ये गूल्डच्याच रेल्वेवर दुसरा मोठा संप झाला. इंजिन ड्रायव्हरांच्या वेगळ्या संघटनेनं साथ दिली नाही, संप मोडला, आणि १८९० पर्यंत नाइट्स पुन्हा एक लाखाच्या आसपास आले.

दुसरीकडे सॅम्युएल गॉम्पर्स. जन्म लंडनचा, १८६३ मध्ये तेरा वर्षांचा असताना आईबापांबरोबर न्यूयॉर्कला आला, धंदा सिगार वळण्याचा. सिगारच्या कारखान्यात हात चालत असत आणि कान मोकळे असत. कामगार आपल्यातल्याच एकाला मोठ्यानं वाचायला बसवत आणि त्याची मजुरी बुडू नये म्हणून आपल्या वळलेल्या सिगारमधला वाटा त्याला देत. गॉम्पर्सचं राजकीय शिक्षण तिथे झालं. बाकी सारी कामगारशाळा बाजूला ठेव, मला ही एक गोष्ट फार मोठी वाटते.

त्याचा ‘व्यवहार’ कुठून आला ते बघ. १८७७ मध्ये न्यूयॉर्कच्या सिगार कामगारांनी मोठा संप केला आणि तो हरला. तेव्हा सिगार चाळींतल्या खोल्यांत वळल्या जात. राहणं, निजणं, तंबाखू सुकवणं सगळं तिथेच, मुलाबाळांसकट. मालकच घरमालक, त्यामुळे संप केला की डोक्यावरचं छप्परही जायचं. हरल्यावर अॅडॉल्फ स्ट्रॅसर आणि गॉम्पर्सनी युनियन नव्यानं बांधली. वर्गणी वाढवली. त्या वर्गणीतून संपाच्या काळात भत्ता, आजारपणात मदत, मृत्यूनंतर कुटुंबाला रक्कम, दुसऱ्या गावी काम शोधायला जाणाऱ्याला प्रवासासाठी कर्ज, आणि पुढे बेकारीभत्ताही. एका शाखेची तिजोरी रिकामी झाली तर भरलेल्या शाखेतून पैसे वळवण्याचा नियम केला. मध्यवर्ती कार्यालयाच्या मंजुरीशिवाय संप नाही.

कायद्याचाही रस्ता त्यांनी चोखाळून पाहिला. चाळीत सिगार करण्यावर न्यूयॉर्क राज्यानं बंदी घालावी म्हणून गॉम्पर्सनं आमदारांचे उंबरे झिजवले. कायदा झाला, आणि १८८५ मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानं तो रद्द ठरवला. मग युनियननं त्या मालकांना संप करकरून बेजार केलं आणि कायद्यानं जे मिळालं नाही ते तसं मिळवलं. सरकारच्या भरवशावर राहायचं नाही हा गॉम्पर्सचा स्वभाव इथे घडला. १८८३ मध्ये सिनेटच्या समितीनं स्ट्रॅसरला विचारलं होतं की तुमचं अंतिम ध्येय काय. आमचं अंतिम असं ध्येय नाही, आम्ही आजच्या मागणीसाठी लढतो, अशा आशयाचं उत्तर त्यानं दिलं. हरलेल्या संपातून आलेल्या माणसाचं उत्तर आहे हे.

दोघांत ठिणगी पडली तीही सिगारवरूनच. १८८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सिगार कामगारांचा एक फुटलेला गट नाइट्सकडे गेला. गॉम्पर्सच्या युनियनचं निळं लेबल होतं. हे सिगार युनियनच्या कामगारांनी वळले आहेत, हेच घ्या, असं सांगणारं. नाइट्सनी त्या गटाला स्वतःचं वेगळं लेबल दिलं. बाजारात दोन लेबलं, आणि मालक स्वस्त पडेल त्याच्याकडे वळायला मोकळे. धंदेवार युनियन संतापल्या आणि डिसेंबर १८८६ मध्ये ओहायोतल्या कोलंबस इथे अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर उभी राहिली. प्रत्येक धंद्याची युनियन आपापल्या कारभारात स्वतंत्र, फेडरेशन फक्त वरचा धागा. १८९५ चं एक वर्ष सोडलं तर गॉम्पर्स १९२४ मध्ये मरेपर्यंत तिचा अध्यक्ष होता.

नोट्समध्ये एक गोष्ट जोड. १८७३ च्या मंदीत अमेरिकेतल्या बहुतेक राष्ट्रीय युनियन मेल्या होत्या. १८९३ ची मंदी तितकीच भयंकर होती, पण फेडरेशनमधल्या बहुतेक युनियन तगल्या. बेकार सभासदाला युनियनकडून चार पैसे मिळत होते, म्हणून तो युनियन सोडून गेला नाही.

आमच्या कारखान्यात कायम कामगारांची युनियन आहे. आम्ही कंत्राटी. तेच मशीन, तोच घाम, पण त्यांच्या युनियनमध्ये आम्हाला जागा नाही. अमेरिकेतही असंच होतं का? (कुंडई औद्योगिक वसाहत)

होतं. आणि तुमच्या प्रश्नात या सगळ्या इतिहासाचं मर्म आहे.

फेडरेशनची ताकद कुशल कारागिरांत होती. सुतार, सिगारवाले, लोखंड ओतणारे, छपाईवाले. अशा माणसाला काढलं तर उद्या दुसरा मिळत नाही, म्हणून त्याच्या संपाला धार असते. हे गणित बरोबर आहे. पण त्या धारेला जपायचं तर धंदा शिकणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवावी लागते, आणि मग दार अरुंद होतं. अकुशल, बायका, नुकतेच बोटीतून उतरलेले इटालियन आणि पोलिश, काळे कामगार हे सगळे बाहेर. सुरुवातीला गॉम्पर्सनं भूमिका घेतली होती की वर्णभेद घटनेत लिहिणाऱ्या युनियनला फेडरेशनमध्ये प्रवेश नाही. मशिनिस्टांच्या युनियनला त्यासाठी थांबवूनही ठेवलं. १८९५ मध्ये त्यांनी घटनेतलं कलम काढलं, प्रवेशाच्या विधीत मात्र ते ठेवलं, आणि फेडरेशननं त्यांना आत घेतलं. तिथून उतार लागला.

नाइट्सचं दार मोठं होतं असं मी वर म्हटलं. १८८६ मध्ये त्यांचं अधिवेशन दक्षिणेत, रिचमंड शहरात भरलं. न्यूयॉर्कच्या प्रतिनिधींत फ्रँक फेरेल हा काळा कामगार होता. हॉटेलनं त्याला नाकारलं, तेव्हा त्याच्या गोऱ्या सोबत्यांनीही ते हॉटेल सोडलं, आणि अधिवेशनात व्यासपीठावर पावडर्लीची ओळख करून द्यायला फेरेल उभा राहिला. त्या काळात, त्या शहरात! पुढच्याच वर्षी लुइझियानातल्या उसाच्या मळ्यांवर नाइट्सच्या नेतृत्वाखाली हजारो मजुरांनी, बहुतेक काळ्या, संप केला आणि थिबोडो गावात गोऱ्या टोळ्यांनी त्यांची कत्तल केली. एवढी मोठी छाती असलेल्या याच संघटनेनं चिनी मजुरांना मात्र दाराबाहेर ठेवलं, त्यांना देशात येऊ देऊ नका अशी मागणी लावून धरली. १८८५ मध्ये वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्जच्या कोळसा खाणीवर २८ चिनी कामगार मारले गेले, आणि हल्ला करणाऱ्या गोऱ्या खाणकामगारांत नाइट्सचे सभासद होते. हे लिहिताना मला त्रास होतो, पण लिहिलं पाहिजे. चिन्यांच्या बाबतीत फेडरेशनही तसूभर वेगळी नव्हती.

दाराबाहेर ठेवलेला माणूस पुढे काय होतो ते रेल्वेच्या गोष्टीत दिसतं. युजीन डेब्स हा रेल्वेतला फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा घालणारा. रेल्वेत ड्रायव्हरांची वेगळी, फायरमनची वेगळी, कंडक्टरची वेगळी अशा संघटना होत्या आणि एकीच्या संपात दुसरी गाडी चालवत असे. याला कंटाळून त्यानं १८९३ मध्ये सगळ्या रेल्वे कामगारांची एकच ‘अमेरिकन रेल्वे युनियन’ काढली. १८९४ मध्ये शिकागोजवळच्या, रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कंपनीच्या कामगारांनी संप केला. हे कामगार कंपनीच्या गावात, कंपनीच्या घरांत राहत. मजुरी सुमारे चौथाईनं कापली, घरभाडं मात्र तेवढंच. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर घर असलेल्या आपल्या मुंडकाराला मान वर करताना काय वाटत असे, ते ज्यांनी घरात ऐकलंय त्यांना पुलमनचं गाव वेगळं समजावून सांगायला नको. डेब्सच्या युनियननं पुलमनचे डबे जोडलेल्या गाड्या चालवायला नकार दिला आणि देशभर रेल्वे थांबली. सरकारनं न्यायालयाचा मनाईहुकूम आणि फौज आणली, डेब्स तुरुंगात गेला, गॉम्पर्सनं सहानुभूतीचा सार्वत्रिक संप पुकारायला नकार दिला. पण त्याच उन्हाळ्यात, त्याच युनियनच्या अधिवेशनात, काळ्यांना सभासद करायचं नाही असा ठराव डेब्सच्या विरोधाला न जुमानता झाला होता. पुलमनच्या झोपण्याच्या डब्यांत सेवा करणारे हजारो पोर्टर काळे होते. त्यांना स्वतःची युनियन काढायला १९२५ साल उजाडलं, आणि ए. फिलिप रँडॉल्फच्या नेतृत्वाखाली पुलमन कंपनीशी करार व्हायला १९३७.

आणि १९१९ चा पोलादाचा संप. साडेतीन लाखांच्या आसपास कामगार, आणि त्यांच्यासाठी २४ वेगवेगळ्या धंद्यांच्या युनियन. काळ्या आणि मेक्सिकन मजुरांना यांतल्या बऱ्याच युनियननी जवळ केलं नव्हतं, मालकांनी त्यांनाच हजारोंनी कामावर आणलं. संप हरला. संपफोडे म्हणून त्यांना शिव्या घालणाऱ्यांनी आधी आपलं दार बघायला हवं होतं.

फेडरेशनच्या पोटातच वेगळं उदाहरणही होतं, आणि खाणींच्या आपल्या राज्यात ते माहीत असायला हवं. १८९० मध्ये स्थापन झालेली ‘युनायटेड माइन वर्कर्स’. खाणीत आणि खाणीभोवती राबणारा प्रत्येक जण, खोदणारा असो की वर दगड निवडणारा, एकाच युनियनमध्ये, काळे-गोरेही एकत्र. १९०२ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींत त्यांनी पाच महिने संप चालवला. हिवाळा तोंडावर आला, शहरांत कोळसा नाही, शेवटी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनं मध्ये पडून आयोग नेमला. मजुरीत दहा टक्के वाढ मिळाली, दिवस दहा तासांचा नऊ तासांवर आला. मालकांनी युनियनला मान्यता मात्र दिली नाही.

आमच्या यार्डात चिपिंग आणि रंगकामाची माणसं कंत्राटी होती, बरीचशी कर्नाटक आणि ओडिशातली. त्यांना घ्यायचं की नाही यावर आमची सर्वसाधारण सभा खूप भांडली. घ्यावं या बाजूनं मी बोललो होतो आणि आजही तेच सांगेन. तुमच्या कायम कामगारांच्या युनियनच्या घटनेतलं सभासदत्वाचं कलम आधी मागून घ्या आणि वाचा. पुष्कळदा घटनेत ‘आस्थापनेत काम करणारा कामगार’ एवढंच असतं आणि अडवणूक कलमात नसून माणसांच्या मनात असते. तसं असेल तर लेखी अर्ज करा, सगळ्यांनी एकाच दिवशी.

मी गोदीतून निवृत्त झालो. आमचं सगळं आयुष्य वेतनकराराभोवती गेलं. ‘वॉब्लीज’ म्हणजे इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड करारावर सहीच करत नसत असं वाचलं. करार नको तर मग मिळवलेलं टिकवायचं कसं? (वास्को)

गोदीतल्या माणसानं हा प्रश्न विचारला याचा आनंद झाला, कारण उत्तरही गोदीतच आहे.

१९०५ मध्ये शिकागोत ही संघटना निघाली. बिल हेवूड, डेब्स, मदर जोन्स, ल्युसी पार्सन्स हे सगळे तिथे होते. कामगार आणि मालक यांच्यात समान असं काहीच नाही, हे तिच्या जाहीरनाम्याचं पहिलंच वाक्य. फेडरेशननं सोडलेल्या सगळ्यांना त्यांनी घेतलं: जंगलतोडे, हंगामी शेतमजूर, गिरणीतल्या परदेशी बायका. प्रवेश फी आणि वर्गणी मुद्दाम कमी. करार नको यामागे तर्क होता. करारात मुदत असते, मुदतीत संपबंदी असते, आणि शेजारच्या खात्यातल्या भावाचा संप सुरू असताना तुम्ही कराराला बांधलेले म्हणून काम करत राहता. रेल्वेत हेच झालं होतं.

मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्सच्या कापडगिरण्यांत १९१२ मध्ये त्यांची रीत कसाला लागली. कायद्यानं बायका-मुलांचा आठवडा ५६ तासांचा ५४ झाला आणि गिरण्यांनी त्या दोन तासांची मजुरी कापली. पाकिटात सरासरी ३२ सेंट कमी. कित्येक घरांच्या भाकरीचा तो पैसा. वीस हजारांहून अधिक लोक बाहेर पडले, कितीतरी देशांचे, कितीतरी भाषांचे. प्रत्येक भाषागटाचे प्रतिनिधी संपसमितीत, सभेत भाषांतर. गिरणीपुढे उभं राहायला मनाई म्हणून हजारो माणसं गिरण्यांभोवती साखळी करून चालत राहिली. मुलांची उपासमार नको म्हणून ती न्यूयॉर्कला सहानुभूतीदारांच्या घरी पाठवली. एका खेपेला पोलिसांनी स्टेशनवर बायका-मुलांना झोडपलं आणि देश हादरला, अमेरिकेच्या संसदेनं चौकशी लावली. मार्चमध्ये गिरण्या नमल्या. वाढ सगळ्यांना मिळाली, आणि सगळ्यात कमी पगारवाल्यांना सगळ्यात जास्त टक्के. अशी वाटणी फेडरेशनच्या करारांत मला क्वचितच दिसते. त्या संपाच्या काळात फेडरेशनच्या कापड युनियनचा नेता मात्र संपाविरुद्ध बोलत होता.

पण तुमची शंका खरी ठरली. लेखी काही नाही, रोजची वर्गणी गोळा करणारी घडी नाही, नेते दुसऱ्या संपाला निघून गेले. वर्ष-दोन वर्षांत लॉरेन्सची शाखा ओसरली.

आता फिलाडेल्फियाची गोदी. १९१३ मध्ये तिथल्या सुमारे चार हजार गोदी कामगारांनी संप जिंकला आणि वॉब्लीजची ‘लोकल ८’ ही शाखा उभी राहिली. काळे, आयरिश, पोलिश, लिथुआनियन. मालक या गटांना एकमेकांविरुद्ध वापरत आले होते. संघटनेनं टोळ्याच मिश्र करायला लावल्या. बेन फ्लेचर हा काळा गोदी कामगार त्यांचा पुढारी. लेखी करार यांनीही केला नाही. मग टिकले कसे? बिल्ल्यावर. त्या महिन्याची वर्गणी भरली की त्या महिन्याचा बिल्ला टोपीला लागायचा, आणि बिल्ला नसलेल्या माणसाबरोबर कोणी माल ओढायचा हूक उचलायचा नाही. सही नव्हती, पण पावती टोपीवर होती. जवळपास दशकभर त्यांनी गोदीवर हुकमत ठेवली.

मोडले ते आतून-बाहेरून दोन्हीकडून. पहिल्या महायुद्धात सरकारनं देशभर वॉब्लीजच्या कचेऱ्यांवर धाडी घातल्या. १९१८ च्या शिकागो खटल्यात फ्लेचरला दहा वर्षांची शिक्षा झाली. आणि १९२० मध्ये वर्गणीवरून घरातच भांडण पेटलं. कामापेक्षा माणसं फार होऊ नयेत म्हणून लोकल ८ नं प्रवेश फी २५ डॉलर केली. मध्यवर्ती संघटनेच्या नियमात कमाल दोन डॉलर. संघटनेनं लोकल ८ ला निलंबित केलं. १९२२ मध्ये मालकांनी टाळेबंदी केली आणि गोदी हातून गेली. दोन डॉलर म्हणणारे बरोबर की पंचवीस म्हणणारे, यावर मी खूप विचार केलाय. गरिबाला दार बंद करणारी फी मला मान्य नाही. पण गोदीत दहा माणसांचं काम आणि तीस माणसं उभी, हे चित्र तुम्ही पाहिलंय, तुम्हाला त्या पंचवीस डॉलरमागची भीती कळेल.

कामगार दिन मूळचा अमेरिकेचा म्हणतात, मग अमेरिका तो सप्टेंबरात का पाळते? (साखळी)

१ मे १८८६ ला आठ तासांच्या दिवसासाठी देशभर लाखो कामगार संपावर गेले. हाक धंदेवार युनियनच्या जुन्या महासंघाची होती. पावडर्लीनं नाइट्सना त्यात पडू नका असं कळवलं होतं, तरी खालच्या शाखा उतरल्याच. ३ मे ला शिकागोत मॅकॉर्मिक कारखान्यापुढे पोलिसांनी गोळ्या घातल्या, ४ मे ला हेमार्केट चौकातल्या निषेध सभेत कोणीतरी बाँब टाकला. कोणी, ते कधीच सिद्ध झालं नाही. तरी अल्बर्ट पार्सन्स, स्पाइस, फिशर आणि एंगेल या चळवळीतल्या पुढाऱ्यांना ११ नोव्हेंबर १८८७ ला फाशी दिलं. १८९३ मध्ये गव्हर्नर आल्टगेल्डनं त्याच खटल्यात तुरुंगात उरलेल्या तिघांना सोडलं आणि खटला अन्यायाचा होता असं स्पष्ट लिहिलं. पार्सन्स स्वतः नाइट्सचा सभासद होता, आणि पावडर्लीनं त्याच्यासाठी दयेचा शब्दही काढला नाही. मी पावडर्लीला पुष्कळ गोष्टी माफ करतो, ही नाही.

१८८९ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं १ मे हा दिवस निवडला. अमेरिकेत सप्टेंबरचा पहिला सोमवार काही राज्यांत आधीच पाळला जात होता; १८९४ मध्ये पुलमनच्या संपाच्या धामधुमीत तो राष्ट्रीय सुट्टी झाला. हेमार्केटची आठवण नसलेली तारीख सरकारला सोयीची होती.

नाइट्सच्या सहकारी कारखान्यांचं काय झालं? (सांगे)

शंभराहून अधिक निघाले, बहुतेक थोड्या वर्षांत बुडाले. भांडवल नव्हतं, बँका कर्ज देत नव्हत्या. इंडियानातल्या कॅनेलबर्गला त्यांनी कोळसा खाण घेतली, तर रेल्वे कंपनीनं खाणीपर्यंत रूळ जोडायलाच टाळाटाळ केली. कोळसा वर काढून ठेवला, नेणार कसा? २०१२ आणि २०१८ ला ज्यांनी खाणी थांबल्यावर ट्रक आणि बार्ज उभे राहिलेले पाहिले, त्यांना वाहतूक हातात नसलेल्या मालाची किंमत सांगायला नको. कल्पना चुकीची नव्हती, एकेकटी खाण एकेकट्यानं चालवायला गेले हे चुकलं.

आपल्याकडच्या कामगार चळवळीनं यातलं काही घेतलं का? (फोंडा)

नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेत होते, म्हणजे काळ अगदी तोच. त्यांच्या संघाला ना वर्गणी होती ना सभासदांची नोंदवही. अर्ज, सह्या, ‘दीनबंधू’ पत्र आणि जाहीर सभा हे त्यांचं बळ. १८९० मध्ये रविवारची सुट्टी त्यावर मिळवली. उसनं घेण्यापेक्षा सारख्या परिस्थितीतून सारखी वाट निघाली असं मी म्हणेन. थेट धागा लाला लजपतराय यांचा. पहिल्या महायुद्धाची बरीच वर्षं ते अमेरिकेत होते, १९२० मध्ये परतले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर मुंबईत आयटकच्या, म्हणजे ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसच्या, पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. गोव्यात मात्र आपण तेव्हा सालाझारच्या राजवटीकडे सरकत होतो, जिथे १९३३ पासून संप हा गुन्हा होता. खुली युनियन आपल्याकडे १९६१ नंतरची. आपल्या चळवळीचं वय कमी आहे हे टीका करताना ध्यानात ठेवा.

आम्ही काही जण नवी युनियन काढतोय. वर्गणी किती ठेवावी यावर अडलोय. काही म्हणतात नाममात्र ठेवू, म्हणजे सगळे येतील. (वेर्णा)

२००१ मध्ये ट्रेड युनियन कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा कारखान्यातल्या कामगारासाठी किमान वर्गणी वर्षाला १२ रुपये ठरली होती. महिन्याला एक रुपया. त्यात लेबर कमिशनरकडे जायचं बसभाडंही निघत नाही, आणि मग युनियन बाहेरच्या पुढाऱ्याच्या खिशावर चालते आणि निर्णयही त्याचाच चालतो.

माझा सल्ला असा. प्रवेश फी अगदी कमी ठेवा, कंत्राटी आणि शिकाऊ मुलांना परवडेल इतकी. मासिक वर्गणी पगाराच्या ठरावीक टक्क्यानं घ्या, म्हणजे कमी पगारवाल्यावर कमी भार. त्यातला ठरलेला हिस्सा आजारपण आणि मृत्यूच्या मदतीच्या खात्यात वेगळा टाका, आणि त्याला संपासाठीसुद्धा हात लावायचा नाही असं घटनेत लिहा. पहिल्या वर्षी कोणाच्या घरी ती मदत पोचली की पुढची वर्गणी मागावी लागत नाही, हे मी पाहिलंय. पगारातून परस्पर कापून घेण्याची सोय मालक देऊ करेल. सुरुवातीची दोन-तीन वर्षं ती घेऊ नका. खात्याखात्यात फिरून पावती फाडा, कारण पावती फाडताना माणूस बोलतो आणि तक्रार तिथेच कळते. दोन सह्यांशिवाय बँकेतून पैसे निघू देऊ नका. आणि खजिनदार असा निवडा की ज्याला भाषण करायची हौस नाही. हिशेबाचा नमुना तक्ता हवा असेल तर मासिकाच्या पत्त्यावर स्वतःचा पत्ता लिहिलेलं पाकीट पाठवा, मी माझ्या वहीतला उतरवून देईन.